फेंडर कापू देऊ नका, आधी खडू आणा

प्रश्न : मी मानेवाडा रोडला राहतो. माझ्या हॅचबॅकला कंपनीचे १८५/६५ आर १५ टायर होते. २२ दिवसांपूर्वी नागपुरातल्याच एका दुकानातून २०५/६५ आर १५ मापाचे चार टायर टाकून घेतले. २६ हजार दिले, जुने टायर दुकानदारानेच ठेवून घेतले. घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचं मॉडेल पाठवून विचारलं होतं, "घासणार नाही ना?" उत्तर आलं, "नाही घासत साहेब, बिनधास्त टाका." आता यू-टर्नला पुढचं चाक घासतं आणि मागे तिघे बसले की स्पीडब्रेकरवर मागूनही खरर्र आवाज येतो. दुकानदार म्हणतो, दोन हजार द्या, आतलं प्लास्टिक कापून फेंडरची कडा वाकवून देतो. पैसे परत मागितले तर बिलावरची ओळ दाखवतो, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मित्र सांगतात की आरटीओ पकडेल आणि विमाही बुडेल. काय करावं?

उत्तर : भाऊ, फेंडरला कोणाला हात लावू देऊ नका. आज तुमची बाजू साधी आहे. तुम्ही विचारलं, त्याने सांगितलं, आणि ते खोटं निघालं. कडा एकदा वाकवली की तो म्हणणार, अडचण आली होती, गिऱ्हाइकाच्या संमतीने दुरुस्त करून दिली, विषय संपला. शिवाय घासल्याच्या खुणाही त्या कापाकापीत जातील. दोन हजार तुम्ही द्यायचे आणि पुरावा तुमचाच नष्ट व्हायचा!

मुळात चूक कुठे झाली तेवढं समजून घ्या, कारण तक्रारीत हेच लिहायचं आहे. मापातला पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, मधला म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३. म्हणजे वाढलेल्या रुंदीमुळे टायर आत आणि बाहेर साधारण दहा-दहा मिलिमीटर फुगला, आणि वरच्या बाजूला १३ मिलिमीटरने फेंडरच्या जवळ गेला. चाकाचा एकूण व्यास ६२२ वरून ६४८ वर पोचला. त्याने २०५/६० दिला असता तर व्यास ६२७ च्या आसपास राहिला असता. रुंदी वाढवली की मधला आकडा खाली आणायचा, हे या धंद्यातलं बाळबोध गणित आहे. साठचा माल दुकानात नव्हता म्हणून पासष्टचा खपवला असावा, असा माझा आपला अंदाज.

आणखी एक. व्यास चार टक्क्यांनी वाढला की स्पीडोमीटर तेवढाच मागे राहतो. कंपनीचं मीटर सहसा थोडं जास्तच दाखवतं, ती सोय या टायरांनी खाल्ली. मीटर अचूक होतं असं धरलं, तर समृद्धीवर त्यावर ११६ दिसताना तुम्ही १२० ची मर्यादा ओलांडलेली असेल. ते चलान टायरवाला भरणार नाही.

आता कायदा. मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ तुमचं मुख्य हत्यार. अमुक कामासाठी माल हवा असं तुम्ही सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली आणि तो माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर माल त्या कामाला योग्य असणं ही कराराची अट कायदाच धरून चालतो, ती कागदावर लिहिलेली असो वा नसो. तुमचा 'घासणार नाही ना' हा एका ओळीचा मेसेज म्हणून सोन्याचा आहे. चॅट पुसू नका आणि फोनही एवढ्यात बदलू नका.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(४७) नुसार, बिलात वेगळी मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे २२ दिवस गेलेत, आठ उरलेत. त्याचा वकील म्हणेल, टायर सदोष नाहीत, फक्त गाडीला मोठे आहेत. हा बचाव अगदीच पोकळ नाही, म्हणूनच मी कलम १६ पुढे ठेवतोय. तरीही नोटीस या आठ दिवसांतच जाऊ द्या.

नोटिशीच्या आधी खडू आणा, शाळेतला पांढरा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून भिंत सुरू होते तिथे, गोल जाड पट्टा ओढा. मागे तिघांना बसवा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळूहळू फिरवा, मग एका स्पीडब्रेकरवरून न्या. खडू जिथे पुसला गेला तिथे टायर घासला. फेंडरच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर, म्हणजे लायनरवर, चंद्रकोरीसारखा घासून चकचकीत झालेला पट्टा दिसेल, त्याचा जवळून फोटो घ्या. सगळ्याचा एकसलग व्हिडिओ काढा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने टायरचं माप आणि हवेचा दाब छापलेलं स्टिकर सहसा असतं, तेही त्यात येऊ द्या. मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि 'टायर लायनरला लागतो' एवढं वाक्य जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगतील, ते चालणार नाही.

आरटीओचं म्हणाल तर मित्र अर्धे बरोबर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक अर्थाने वाचलं. कलम १८२अ(४) खाली मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कलम ५२ च्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं, असं म्हटलंय. नुसता टायर त्यात बसत नाही असा युक्तिवाद मी करू शकतो. फेंडरचा पत्रा कापला की तोच युक्तिवाद करताना माझी जीभ अडखळेल. कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेलं माप लावलं, तर माझ्या मते चिंता नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनीला कोणते बचाव घेता येतात याची यादी मोटार वाहन कायद्याच्याच कलम १५० मध्ये आहे, त्यात टायरचं माप नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत मात्र सर्व्हेअर टायर पाहील. तिथे १९९६ चा बी. व्ही. नागराजू खटला कामी येतो. जादा माणसं बसवली होती, पण त्यामुळे अपघात झाला नव्हता, म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. सिग्नलवर मागून कोणी ठोकलं तर टायरचा काय संबंध? पण वळणावर टायर घासून फाटला आणि गाडी दुभाजकावर गेली, तर ही ढाल पुरणार नाही. टायर बदलेपर्यंत मागे माणसं भरून हायवेला जाऊ नका.

नोटीस साध्या मराठीत, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतोय), ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा, कधी कधी तेवढ्यानेही दुकानदार नरमतो.

मागणी मात्र ताणू नका. २२ दिवसांच्या वापराची थोडी वजावट तुम्ही स्वतःच मान्य करा आणि योग्य मापाचे टायर बदलून मागा, नाहीतर उरलेली रक्कम. दोन लाख मानसिक त्रासाचे वगैरे लिहिलंत की आयोगाचा तुमच्याकडे पाहण्याचा सूर बदलतो. आणि जुने टायर विकले की अजून दुकानामागच्या ढिगात पडलेत, ते आजच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. ढिगात असतील तर तेच परत चढवून घ्या आणि या चारांचे पैसे मागा.