जुन्या व्हॅनच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल पहिल्यांदा बदलताना

घरी नक्की जमेल, फक्त घाई नको. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच प्रकारचं आणा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा मी तरी घेणार नाही.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. स्टँड हवेतच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आधी ऑइल काढून मोकळे होतात आणि मग भरायचा बोल्ट जाम निघतो. गाडी जागीच अडकते. डिपस्टिकची (ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीची) नळी नसेल, तर तो बोल्ट आधी सैल करून बघा.
- मॅन्युअलमधला पूर्ण क्षमतेचा आकडा बघून तेवढं ऑइल ओततात. बरंचसं जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या, ऑइल भरलेल्या भागात) राहिलेलं असतं. म्हणून निघालेलं मोजा, तेवढंच भरा, मग मॅन्युअलप्रमाणे लेव्हल तपासा. बहुतेक गाड्यांत ती इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना बघतात.
- पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या ट्रेचे, बोल्ट जोर लावून आवळतात. गॅस्केट (मधली सील करणारी पट्टी) दबून गळती लागते.

पॅनमधल्या चुंबकावर काळपट, मऊ लगदा दिसेल. तो नेहमीचाच, पुसून टाका. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स जाणकाराला दाखवा.

फ्लशिंगचं, म्हणजे आतलं सगळं जुनं ऑइल मशीनने काढायचं, ते नंतर बघू.