गाडीच्या पुढून थरथर येतेय? आधी रिम (चाकाचा धातूचा भाग) बघ

भाऊ, सस्पेन्शन लगेच उघडायला देऊ नकोस. थरथर नेमकी कधी येते ते आधी बघ. पाम बीच रोडवर ७०-८० ला स्टिअरिंग हलतं आणि वेग उतरवला की शांत होतं, तर बहुतेक बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलंय. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क.

पावसाळ्यात घोडबंदर रोडचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसतो. मी दोनदा बॅलन्सिंगचे पैसे घातले होते. शेवटी पेचकसाने मूठभर माती खरवडली आणि थरथर गायब!

तरी येतेय? सपाट जागी हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना दगड लाव, पुढचं चाक जॅकवर उचल. गाडीखाली मात्र शिरू नकोस. चाक वरून आणि खालून धरून हलव. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. खटखट थांबली तर बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं), नाही थांबली तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा). डावी-उजवीकडे धरून खेळ (सैलपणा) लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) बघ. अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) या सगळ्यानंतर.

आणि हसू नकोस, पण चाकाचे नट घट्ट आहेत ना?