गोड लोण्याला पाणी सुटतंय? आधी लोणी नीट धुवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी पुण्याहून पंधरा-सोळा माणसं येणार, संत्र्याच्या बगीच्यात दहा-अकराला न्याहारी आणि जेवण एकदमच करायचं, आणि हॉटेलात खाल्लं तसं मधाचं गोड बटर घरच्या लोण्याचं करायचं. तुम्ही करून पाहिलं, पण तासाभरात वाटीच्या तळाशी पाणी जमलं, आणि वरून ते आंबटही लागलं. मी वरूडकडची, अमरावती जिल्ह्यातली. आमच्याकडे दोन म्हशी आहेत आणि हे लोणी मी थंडीत दर पंधरा दिवसांनी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या मधात खोट नाही, प्रमाणातही नाही. लोण्यात ताक राहिलं होतं. पाणी सुटलं तेही ताकाचं आणि आंबट लागलं तेही ताकच. पाकिटातल्या बटरमध्ये निदान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 16 टक्क्यांच्या वर चालत नाही. तेवढं पाणीसुद्धा यंत्रानं इतकं बारीक फोडलेलं असतं की ते बाहेर येत नाही. आपल्या रईनं घुसळलेल्या लोण्यात पाण्याचे थेंब मोठे राहतात. तूप कढवायचं असेल तर त्यानं काही बिघडत नाही, पाणी उडूनच जातं, म्हणून आपण लोणी धुण्याकडे फार लक्ष देत नाही. पण तेच लोणी तसंच खायला ठेवायचं असेल तर सगळं काम धुण्यातच आहे.

रोज दोन लिटर म्हशीच्या दुधाची साय पाच-सहा दिवस साठवली की माझ्याकडे साधारण अर्धा किलो लोणी निघतं. या कामासाठी साय पाच दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका आणि विरजण आदल्या रात्रीच लावा, जास्त आंबू देऊ नका. थंडीत घुसळताना लोणी लवकर येत नाही, तेव्हा कोमट पाण्याचा एक हबका द्यायचा. उन्हाळ्यात उलट, बर्फाचं पाणी लागतं, नाहीतर लोणी चिकट होऊन रईलाच बसतं. लोणी ज्वारीच्या दाण्याएवढं फुटलं की थांबा. आपली इथेच चूक होते. आपण मोठा गोळा होईपर्यंत घुसळत राहतो आणि ताक त्या गोळ्याच्या आत अडकतं. दाणे मोकळे असतानाच ताक गाळून घ्या, वर थंडगार पाणी ओता, हलकेच हलवा, पाणी ओतून द्या. असं तीनदा-चारदा, पाणी अगदी नितळ निघेपर्यंत. मग लोणी परातीत घ्या, परात एका बाजूनं उचलून तिरकी ठेवा आणि लाकडी चाटूनं दाबत राहा. हातानं दाबायचं असेल तर हात आधी थंड पाण्यात बुडवा, तळहाताच्या उबेनं लोणी सैल पडतं. दाबताना बारीक पाण्याचे मणी निघतात, ते उताराकडे जमतात.

मीठ कधी घालायचं हे मला फार उशिरा कळलं. अर्धा किलो लोण्याला पाव चमचा बारीक मीठ, तेही हे दाबणं चालू असतानाच घालायचं. मीठ लोण्यातले पाण्याचे छोटे थेंब एकत्र ओढतं, ते मोठे होऊन बाहेर पडतात. शेवटी वरून मीठ घातलं तर हेच पाणी वाढल्यानंतर वाटीत सुटतं. मीठ घालून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा एकदा दाबा, पाणी पुसून घ्या. पाकिटातलं खारं बटर वापरणार असाल तर मीठ अजिबात नको.

आता चव. तुमचा बगीचा आहे आणि आंबिया बहार (थंडीच्या सुरुवातीला येणारं संत्र्याचं पीक) तोडणीला आहे, मग दालचिनीच्या आधी संत्र्याचाच विचार करा. रस मात्र घालू नका. मी एकदा घातला होता, दोन चमचेच, आणि लोणी फुटून दह्यासारखं झालं. रस म्हणजे पाणी. संत्र्याचा खरा वास सालीच्या नारिंगी थरातल्या तेलात असतो, आणि तेल लोण्यात सहज मुरतं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळ जास्त पिकलं की साल पोकळ होते आणि किसणीवर नुसती घसरते. म्हणून झाडावरून नुकतीच तोडलेली, जरा घट्ट, सालीला हिरवट झाक असलेली तीन-चार फळं घ्या. कोमट पाण्यानं चोळून धुवा आणि अगदी कोरडी पुसा. न सोलता, अख्खं फळ हातात धरून बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवा. पांढरा थर दिसला की जागा बदला, तो कडू असतो. उटण्यासाठी वाळवून ठेवलेल्या सालीची पूड यात घालू नका, कडवटपणा येतो आणि ताज्या सालीचा वास त्यात उरलेला नसतो. किसलेली साल शनिवारी संध्याकाळीच लोण्यात मिसळून झाकून ठेवा, रात्रभरात वास पार आतपर्यंत जातो. फ्रीजमध्ये कांदा किंवा चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, उघडा नसावा, कारण लोणी मिळेल तो वास ओढून घेतं.

मध रविवारी सकाळी घाला. चारशे ग्रॅम लोण्याला चार मोठे चमचे, म्हणजे साधारण 80 ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नको. मेळघाटाकडून आलेला आग्या मोहोळाचा मध चवीला मला फार आवडतो, पण तो पातळ असतो, त्यात पाणी जास्त, म्हणून तो घेतला तर तीनच चमचे घाला. लोणी किती मऊ हवं ते बोटानं बघा: बोट दाबलं की खड्डा पडावा, पण लोणी चकाकू नये. चकाकलं म्हणजे वितळायला लागलं. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी लोणी दगडासारखं असतं आणि लोण्याचा गंज, म्हणजे पातेलं, चुलीजवळ सरकवायचा मोह होतो. तसं करू नका, एक बाजू वितळते, आणि एकदा वितळलेलं लोणी गोठल्यावर रवाळच राहतं. कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवलं की पुरे. मग चाटूनं फेटत मधाची बारीक धार सोडा, थोडा मध, थोडं फेटणं, पुन्हा थोडा मध. इलेक्ट्रिक बीटर असेल तर हळू वेगावर दोन-तीन मिनिटांत होतं. दालचिनी हवीच असेल तर अर्धा चमचा पूड, पण मला स्वतःला संत्र्याबरोबर दोन वेलदोडे जास्त बरे वाटतात.

घरातली मोठी माणसं मध आणि स्निग्ध पदार्थ एकत्र कसे म्हणून विचारतील. आयुर्वेदात तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नये असं सांगितलं आहे, इथे मध लोण्याच्या पाचव्या हिश्शाएवढाच आहे आणि आपण तो तापवतही नाही. माझ्या सासूबाईंना एवढं सांगितलं तेव्हा त्यांनी खाल्लं. मात्र पाहुण्यांत वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर त्याला मधाचं बोटही लावू देऊ नका, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

म्हणून मी दोन प्रकार करते. दुसऱ्यात मध नसतो: चारशे ग्रॅम लोण्याला शंभर ग्रॅम कोरडा, कडक गूळ खलबत्त्यात कुटून चाळून घालायचा आणि पाऊण वाटी तीळ भाजून, गार करून, भरड वाटून मिसळायचे. ओलसर गूळ किंवा काकवी घेतली तर पुन्हा पाण्याचीच भानगड. गूळ लोण्यात विरघळत नाही, त्याचे कण दाताखाली येतात आणि लेकरांना तेच आवडतं. हा प्रकार ताजाच बरा, कारण गूळ हळूहळू हवेतली ओल धरतो.

कशाबरोबर वाढायचं? पुण्याची मंडळी पाव खातातच, एक-दोन लाद्या आणून ठेवा. पण बगीच्यात इस्तव (विस्तव) पेटवणारच असाल तर पळसाच्या पानांत पानगे, म्हणजे कणकेच्या जाड भाकऱ्या, लावा. गवऱ्यांच्या निखाऱ्यावरून काढलेला पानगा फोडून आत हे संत्र्याचं लोणी घातलं की ते वाफेवर वितळत जातं आणि पळसाच्या पानाचा धुरकट वास त्यात मिसळतो. मला यापेक्षा चांगलं काही माहीत नाही. तिळगुळाचं लोणी ज्वारीच्या गरम भाकरीवर. बाजूला वांग्याची झणझणीत भाजी असू द्या, गोडानंतर तिखट हवंच.

एका मोठ्या वाटीत ठेवून सगळ्यांचे चमचे त्यात जातील असं करू नका, पाव-भाकरीचे कण पडतात आणि उरलेलं टिकत नाही. पळसाच्या छोट्या द्रोणांत दोन-दोन चमचे काढा, तीन-चार माणसांत एक द्रोण. बाकीचं लोणी काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यानं गुंडाळून सावलीत. पितळेचं-तांब्याचं भांडं दिसायला कितीही सुंदर असो, कल्हई नसेल तर त्यात ठेवू नका. एवढं करूनही वाढायच्या आधी पाणी दिसलंच तर घाबरू नका: पाणी ओतून द्या, लोणी दहा मिनिटं थंड करा आणि पुन्हा फेटा.

फ्रीजमध्ये हे तीन दिवस चांगलं राहतं, पुढे साल कडवट व्हायला लागते. उरलं तर तूप करायला कढवू नका, गूळ आणि मध तळाला करपतात. तिळगुळाचं लोणी मी शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन म्हणून घालते, तेवढी साखर कमी करते. मधाचं लोणी संपत नाही असं आमच्याकडे अजून झालेलं नाही.