बॅटरी सारखी उतरते, दोष कुणाचा?

या महिन्याच्या पत्रांत बॅटरीच्या तक्रारी इतक्या आल्या की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एक खुलासा आधीच करतो. बऱ्याच गॅरेजांत अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, अजून ‘डायनॅमो’च म्हणतात. खाली दोन्ही शब्द एकाच वस्तूसाठी आहेत, फक्त जुन्या गाड्यांचा विषय निघेल तिथे डायनॅमो म्हणजे अल्टरनेटरच्या आधीचा, खरोखरचा डायनॅमो.

प्रश्न : पेट्रोल हॅचबॅक, साडेपाच वर्षं जुनी. सहा महिन्यांत दुसरी बॅटरी टाकली, तरी दोन-चार दिवसांआड सकाळी सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो डायनॅमो बदला. बदलू का? (सांगली)

मोजल्याशिवाय काहीही बदलू नका. दुसरी बॅटरीही अंदाजानेच बदलली गेली असणार. टकटक होते ती सेल्फच्या सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची. तो ओढला जातो, पण मोटर फिरवायला लागणारे दीडशे-दोनशे अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. बॅटरी रिकामी का होते, ते साध्या डिजिटल मल्टिमीटरवर कळतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

सकाळी गाडीला हात लावण्याआधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. तो ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाल्यावर थोड्या रेसवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर फुल आणि मागच्या काचेचा हीटर लावा, १५०० ते २००० आरपीएम ठेवा. एवढा भार असताना १३.५ च्या वर राहिलं तर चार्जिंग ठीक आहे.

भाराखाली १३.५ च्या खाली गेलं तरी लगेच डायनॅमोवर खापर फोडू नका. मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टला आणि काळी तार अल्टरनेटरच्या धातूच्या अंगाला लावून मोजा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १३.४ असेल तर अल्टरनेटर आपलं काम करतो आहे, पण एक व्होल्ट वाटेतच मरतो आहे. ४० अँपिअर वाहत असताना एक व्होल्ट मरणं म्हणजे त्या गंजलेल्या जोडात ४० वॉटची उष्णता. तो जोड हाताला गरम लागतो. जाड वायरीत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा आणि इंजिन ते बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ पेक्षा जास्त तूट नको. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, वायर ब्रशने घासा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. इंजिनच्या अर्थ वायरीचा बोल्टही सोडून घासा. तो सगळेच विसरतात.

दोन्हीकडे व्होल्टेज कमी असेल तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. गुळगुळीत, चकचकीत झालेला पट्टा फिरताना दिसतो, पण भार आला की घसरतो. पट्टा धड असेल तर मात्र कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) किंवा डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा), म्हणजे अल्टरनेटर खोलायलाच हवा. तेव्हाही अख्खा नवा घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला ब्रश मोजायला सांगा. ५ मिलीमीटरच्या खाली झिजले असतील तर बहुतेक वेळा ब्रश आणि रेग्युलेटरचा संच बदलून भागतं.

डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर घ्या आणि गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ च्या आत दिसतं. अर्धा व्होल्ट दिसला तर डायोड गेलेला आहे. असा डायोड रात्री बॅटरी उलटी पिऊही शकतो. गाडी बंद करून चार-पाच तासांनी अल्टरनेटरला हात लावा. इंजिन गार आणि तो कोमट, म्हणजे चोर सापडला.

चार्जिंग ठीक निघालं तर रात्रीची गळती शोधा. निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर १० अँपिअरवर जोडा, दारं लॉक करा, अर्धा तास थांबा. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. ५० मिलिअँपिअरच्या आत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. बहुतेकदा बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर किंवा न विझणारा डिकीचा दिवा निघतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

प्रश्न : आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकतो. इंजिनचा वेग सारखा बदलतो, मग चार्जिंगचं व्होल्टेज १४ च्या आसपासच कसं राहतं? (नाशिक)

अल्टरनेटरमधलं चुंबक कायमचं नसतं, म्हणून. फिरणाऱ्या रोटरवर तारेची गुंडाळी असते. तिला दोन ब्रश आणि स्लिप रिंगमधून (रोटरवरच्या धातूच्या कड्यांमधून) तीन-चार अँपिअर मिळाले की रोटर चुंबक होतो. त्याच्याभोवती स्थिर असलेल्या स्टेटरच्या तीन गुंडाळ्यांत वीज तयार होते. रेग्युलेटर रोटरचा करंट सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करतो. व्होल्टेज वाढलं की चुंबक कमजोर, घटलं की जोरदार. वेग चौपट झाला तरी बाहेर तेच १४.

तयार होणारी वीज एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी, असते. रोटरला सहसा ध्रुवांच्या सहा जोड्या असतात. तो मिनिटाला २४०० फेरे फिरला तर वारंवारता २४० हर्ट्झ, घरातली ५०. बॅटरीला एसी चालत नाही, म्हणून सहा डायोड. तेच डायोड गाडी बंद असताना बॅटरीला उलटं वाहू देत नाहीत.

व्होल्टेज १४ च का, हे परीक्षेत हमखास विचारतात. बॅटरीतल्या एका भरलेल्या सेलचं २.१ व्होल्ट, सहा सेलचं १२.६. आत करंट घालायचा तर त्याहून वर जायला हवं. पण सेलला २.४ च्या वर, म्हणजे १४.४ च्या पुढे, पाण्याचे वायू होऊ लागतात. १५ च्या वर राहिलं तर बॅटरी उकळते, पाणी संपतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून उन्हाळ्यात तापलेला रेग्युलेटर स्वतःच व्होल्टेज थोडं खाली आणतो.

आणखी एक गैरसमज. ९० अँपिअरचा अल्टरनेटर बॅटरीत ९० अँपिअर कोंबत नाही. तो व्होल्टेज धरून ठेवतो, घ्यायचं तेवढं बॅटरी घेते. जुन्या डायनॅमोत सगळा करंट ब्रशमधूनच बाहेर यायचा, आणि स्लो रेसवर तो पुरेसा नसे. सिग्नलला दिवे मंद व्हायचे ते त्यामुळे. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले तेव्हा अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या व्हॅलियंटला तो दिला.

प्रश्न : पावसात रात्री घाटात तासभर अडकलो की हेडलाइट मंद होतात, बॅटरीचा लाल दिवा किंचित पेटतो. पुढे गाडी पळाली की विझतो. (चिपळूण)

हिशेब करून बघा. हेडलाइट आणि मागचे दिवे १० अँपिअर, ब्लोअर फुल १२, रेडिएटरचा पंखा १२, मागच्या काचेचा हीटर १२, वायपर ५, एसीचा क्लच ४, इंजिनचं स्वतःचं ८ ते १०. साठीच्या पुढे गेला. तुमचा अल्टरनेटर ९० चा असला तरी तो आकडा अल्टरनेटरच्या ६००० फेऱ्यांना असतो. इंजिन ८०० वर असताना तो २००० च्या आसपास फिरतो आणि ४०-५० देतो, तापला की आणखी कमी. उरलेलं बॅटरीतून जातं.

काच स्वच्छ झाली की हीटर बंद करा, ब्लोअर दोनवर आणा. त्यानेही दिवे मंदच राहिले तर ओला पट्टा घसरतो का ते ऐका, किंचाळल्यासारखा आवाज येतो. भार कमी असतानाही लाल दिवा मंद पेटला तर ब्रश झिजले असतील किंवा डायोड गेला असेल. घरी येईपर्यंत वाट बघू नका.

दिवा लख्ख पेटला तर थांबून बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापेल, तिथेच थांबा. पट्टा शाबूत असेल तर एसी, ब्लोअर, स्टिरिओ बंद करून निघा, वाटेत इंजिन बंद करू नका. ३५ अँपिअर-तासांच्या भरलेल्या बॅटरीवर रात्री २० अँपिअर खर्च धरला तर कागदावर पावणेदोन तास येतात. प्रत्यक्षात तासाभराच्या आत गॅरेज गाठा. व्होल्टेज घसरलं की इलेक्ट्रिक स्टीअरिंग जड होतं.

प्रश्न : गाडी आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये असते. रोज पाच मिनिटं चालू ठेवली तर पुरे ना? (पुणे)

जेमतेम. सेल्फ दोन सेकंदांत जेमतेम ०.१ अँपिअर-तास खातो, ते लगेच भरून येतं. पण ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-तास नेते आणि पाच मिनिटांत जास्तीत जास्त तेवढंच परत जातं. शिवाय गार इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढा. महिनाभर जायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. बॅटरी पूर्ण बसली असेल तर ढकलून किंवा केबल लावून चालू करून अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका, तो तापतो. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरचा चार्जर दहा-बारा तास लावा.

प्रश्न : नव्या गाडीत पळताना व्होल्टेज कधी १२.७, कधी १४.८ दिसतं. बिघाड आहे का? (फोंडा)

बहुधा नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. वेग घेताना अल्टरनेटर ढिला सोडून इंधन वाचवतो, पाय काढला की जोरात चार्ज करतो. बहुतेक गाड्यांत हेडलाइट लावून मोजलं की आकडा चौदाच्या जवळ स्थिरावतो. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी दिसत असेल तर तो बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर आहे. जम्प-स्टार्ट करताना किंवा चार्जर लावताना काळी तार तिथे नाही, इंजिनच्या धातूला लावा.

प्रश्न : चालू गाडीत बॅटरीची वायर काढली आणि गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला, हे खरं का? (बीड)

डायनॅमोच्या काळातली ही परीक्षा आज करू नका. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक व्होल्टनी उसळतं आणि त्याचे डायोड, रेग्युलेटर किंवा इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. साधा मल्टिमीटर त्याहून फार स्वस्त पडतो.