जादूगार नको म्हणताय, पण सासूबाईंना सांगणार कोण?

प्रश्न: आम्ही जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळ राहतो. जुलैच्या शेवटी लेकीला सात वर्षं पूर्ण होतील, आणि तेव्हा आम्ही सोलापूरला सासरी असू. विजापूर रोडला घर आहे, वर मोठी गच्ची आहे. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या लांबून येताय तर दणक्यात करू. हॉल, जादूगार, मिकी माउसचा पोशाख घातलेला माणूस, सगळं त्या ठरवायच्या तयारीत आहेत. आम्हा दोघांना घरीच, बाहेरून कुणाला न बोलावता करायचंय. लेकीला मराठी समजतं, पण बोलायला गेली की जर्मन येतं. तीस-पस्तीस मुलं आम्ही रमवायची कशी? आणि सासूबाईंना न दुखावता हे सांगायचं कसं?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला नाही तर पहिल्याला अर्थच उरत नाही.

सासूबाईंना जादूगार हवाय असं मला वाटत नाही. इतकी वर्षं त्या गल्लीतल्या, नात्यातल्या सगळ्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसाला पाकीट घेऊन गेल्यात. आता कुठे त्यांना बोलवायची संधी मिळतेय. अशा वेळी तुम्ही ‘साधंसंच करू या’ म्हणालात की त्यांना ऐकू येतं, ‘तुमच्या लोकांवर खर्च करायचा नाही.’ म्हणून आधी यादी त्यांच्या हातात द्या आणि त्यातलं एकही नाव कापू नका. जितकं वय तितके पाहुणे हा जर्मन हिशेब तिकडेच राहू द्या. कुणाला बोलवायचं हे त्यांनी ठरवावं, पार्टीत काय करायचं हे तुम्ही. हे बोलणं तुमच्या नवऱ्याने करावं, आणि तिकिटं काढल्या काढल्या करावं. सोलापुरात उतरल्यावर केलंत तर तोवर हॉलचा ॲडव्हान्स गेलेला असेल.

जादूगाराबद्दल माझा काही राग नाही. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळी मुलं त्याच्याकडे तोंड करून बसतात. तुमची लेकही त्यांच्यातच बसेल, पाठोपाठ केक कापेल, आणि मुलं घरी जातील तेव्हा तिला एकाचंही नाव माहीत नसेल. त्यात त्याची ती भराभर हिंदी-मराठी बडबड. ‘बड्डे गर्ल कुठंय? नाव काय बेटा?’ म्हणत माईक तोंडाशी आला की आधीच शब्द शोधणारं पोर पार मिटून जातं. सुट्टीच्या थोड्या आठवड्यांत तिला गल्लीत दोन-चार मैत्रिणी मिळाव्यात, एवढंच या पार्टीचं काम आहे असं धरून चाला. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं सोपं जातं.

भाषेची काळजी मात्र थोडी कमी करा. सोलापुरातल्या पोरांना घरी एक आणि अंगणात दुसरी भाषा बोलायची सवय असते. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, आणि खेळताना सगळ्यांची मिळून सोलापुरी. समोरची मुलगी वेगळं काहीतरी बोलते म्हणून इथली पोरं फारशी अडत नाहीत. तुम्हीच मध्ये उभं राहून प्रत्येक वाक्याचा दुभाषा होऊ नका. संध्याकाळ संपेपर्यंत ती ‘चल की बे’ म्हणायला लागली तर मात्र तक्रार माझ्याकडे आणू नका.

दिवस रविवारचाच घ्या, कारण जुलैत शाळा सुरू असतात. आणि तारखेनंतरचा रविवार घ्या. वाढदिवस आधी साजरा करणं जर्मनीत अशुभ मानतात हे लेकीने वर्गात नक्की ऐकलं असेल. उगाच तिच्या मनात किडा नको. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पाण्याचा वार कुठला पडतोय हेही सासूबाईंना विचारून ठेवा. टाकी भरलेली असली म्हणजे पुढची अर्धी कटकट मिटते.

वेळेचं काय? तिकडे दुपारी तीनला मुलं येतात, आल्या आल्या केक खातात, आईबाप दारातूनच परत जातात आणि सहाला न्यायला येतात. इथे तुम्ही साडेपाच सांगाल आणि माणसं सहा ते सात यायला लागतील. मुलांबरोबर आई येईल, आजी येईल, कडेवरचं धाकटं येईल. ते मोजूनच खुर्च्या मांडा. संपायची वेळ निमंत्रणात लिहू नका, इथे ते हाकलल्यासारखं वाटतं. जुलैअखेर सातपर्यंत चांगला उजेड असतो, उन्हाळ्याची काहिली गेलेली असते आणि गच्चीवर छान वारा सुटतो. आपला भाग पर्जन्यछायेचा असला तरी नेमकी त्याच संध्याकाळी सर यायची ती येतेच. खालची खोली रिकामी करून ठेवा. आणि गच्चीच्या कठड्याची उंची आधी स्वतः जाऊन बघा. कंबरेच्या खाली असेल तर सगळा खेळ खाली अंगणात.

आता माणसं. खेळ घेणारं एक माणूस हवंच, आणि ते तुम्ही दोघांनी व्हायचं नाही. तुम्हाला दर दोन मिनिटांनी कुणीतरी ‘ओळखलंस का मला?’ म्हणणार आहे, आणि नवऱ्याला त्याचे शाळेतले मित्र कोपऱ्यात घेऊन बसणार आहेत. कॉलेजातला एखादा चुलतभाऊ, शाळेत शिकवणारी एखादी आत्या, पोरांवर ओरडता येणारं कुणीही चालेल. त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवा. माईक, स्पीकर यांच्या वाटेला जाऊ नका, त्याने फक्त मोठी माणसं गप्पा आणखी मोठ्याने मारतात. बारा-तेरा वर्षांची पोरं ‘हे बाळांचे खेळ’ म्हणून मोबाईल काढायच्या आत त्यांना एकेका गटाचं कॅप्टन करून टाका.

मुलं एकदम येत नाहीत, म्हणून पहिला तासभर कुणीही कधीही मध्ये घुसू शकेल असं काहीतरी हवं. गच्चीवर रंगीत खडूंची दोन-तीन खोकी ठेवा, फरशीवर काय हवं ते काढू द्या. जोडीला दहा-पंधरा फुगे, जमिनीला न टेकू देता उडवत ठेवायचे. एवढं पुरतं.

पंधरा-वीस मुलं जमली की चादर काढा. घरात एखादी जुनी डबलबेडची सोलापुरी चादर असेलच. कापड जाड, विणही घट्ट, ओढाताणीत टरकत नाही. आठ-दहा मुलांना चारी बाजूंनी उभं करा आणि काठ एक वेटोळं आत गुंडाळून दोन्ही हातांनी धरायला सांगा, म्हणजे सुटत नाही. मध्ये हलका प्लास्टिकचा चेंडू टाका. एक, दोन, तीन म्हणत सगळ्यांनी एकदम चादर ताणली की चेंडू वर उडतो, आणि एकाने जरी उशीर केला तरी घरंगळत बाहेर जातो. पहिल्या चार-पाच वेळा जातोच. मग आपोआप कुणीतरी मोठ्याने मोजायला लागतं. तो सूर धरायला तुमच्या लेकीला एक-दोन-तीनच्या पलीकडे मराठी लागत नाही. जमायला लागलं की दुसरी चादर काढा आणि एकीतून दुसरीत चेंडू उडवा. कुणाला चादरीत बसवून उडवायचं नाही, हे शिट्टीवाल्याला बजावून ठेवा. ती फर्माईश नक्की येणार.

त्याच चादरीचा दुसरा खेळ मला जास्त आवडतो. एका मुलाने जिन्यात जायचं. इकडे दुसरं कुणीतरी चादरीखाली दडून बसायचं, आणि बाकीच्यांनी जागा बदलायच्या. परत आलेल्याने कोण नाहीसं झालंय ते ओळखून त्याचं नाव घ्यायचं. नाव आलं नाही तर बाकीची पोरं पहिलं अक्षर सांगतात. हा खेळ चार-पाच डाव चालला की तुमच्या लेकीला निम्म्या मुलांची नावं येतात. त्यासाठी वेगळा ओळखीचा कार्यक्रम करावा लागत नाही.

मग एक खेळ तिचा. टॉप्फश्लागन ती तिकडच्या प्रत्येक वाढदिवसाला खेळली असेल. डोळ्यांना पट्टी, हातात लाकडी चमचा, जमिनीवर कुठेतरी पालथं घातलेलं पातेलं आणि त्याखाली खाऊ. रांगत, चमचा आपटत ते शोधायचं, आणि बाकीच्यांनी ‘गरम’, ‘गार’ ओरडायचं. स्वयंपाकघरातलं स्टीलचं पातेलं आणि पळी घ्या, चमचा लागल्यावर खणखणीत आवाज येतो. नियम तिला सांगू द्या, तोडक्यामोडक्या मराठीत, हातवारे करून. ‘गरम’ला तिकडे काय म्हणतात हे पोरं विचारतीलच, आणि मग गच्चीभर ‘हाइस, हाइस’चा गलका होईल.

हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे खेळात लहानग्यांना कच्चं लिंबू करतात आणि ते बरोबरच आहे. चार वर्षांचं पोर आउट झालं म्हणून रडत बसण्यापेक्षा ते बरं. पण बाहेरगावच्या मुलांनाही सगळे प्रेमाने कच्चं लिंबू करून टाकतात. ‘तिला नाही कळत, राहू दे’ म्हणत तिच्यावर राज्य येऊच देत नाहीत. सात वर्षांच्या मुलीला हे लगेच कळतं आणि लागतंही. तिच्यावर राज्य येऊ द्या, ती हरू द्या, चिडू द्या.

विष-अमृत, मामाचं पत्र हरवलं, रस्सीखेच हे सगळं शिट्टीवाला सुचेल तसं घेईल. संगीत खुर्ची मी घेणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेली दहा मुलं मग खाण्याच्या टेबलाभोवती घोटाळत बसतात. बक्षिसंही नकोत, आज्या आपापल्या नातवंडांची वकिली करायला उठतात.

दिवे लागले की औक्षण. ते पूर्णपणे सासूबाईंकडे सोपवा. पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी सगळं त्यांच्या पद्धतीने. ओवाळायला सात जणी की अकरा, यात तुम्ही पडू नका. लेकीला मात्र आधी एकदा सांगून ठेवा की हा दिवा फुंकायचा नाही. तिकडून आलेली मुलं हमखास फुंकायला जातात.

केक बिनअंड्याचा सांगा. पाहुण्यांत लिंगायत असतील, जैन असतील, श्रावण लागलेला असेल तर आणखी काही जण. बिनअंड्याचा असला की कुणाला विचारत बसावं लागत नाही. दोन गोष्टींवर मात्र माझा आग्रह आहे. केक तोंडाला फासायची हौस असलेला एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्याला नवऱ्याने आधीच बाजूला घेऊन सांगावं, कारण ज्या मुलीने हे कधी बघितलेलं नाही तिच्यासाठी तो धक्का असतो. आणि फेसाचा स्प्रे घरात येऊच देऊ नका. त्यातले बरेचसे पेट घेणारे असतात. पेटलेल्या मेणबत्तीसमोर ते उडवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

खाण्यात काय करायचं ते घरच्या बायका तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतील. मुलांना इडली, भेळ, जिलबी खूप झाली. मोठ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही दिलंत तर हॉलमधल्या पनीरची आठवणही कुणी काढणार नाही. पण तुमच्या मुलांपैकी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सोलापुरात डोळ्यांत तेल घालून राहावं लागेल. चटणी आणि शेंगापोळी दिसते तरी. कोशिंबिरीतला, भाजीतला, चुरमुऱ्यांच्या सुशीलातला कूट दिसत नाही, तळायचं तेलही बऱ्याच घरांत शेंगदाण्याचंच असतं, आणि ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय’ म्हणणारी माणसं मायेपोटीच भरवतात. अशा मुलाचं ताट वेगळं आणि वाढणारं माणूस एकच ठेवा. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन बॅगेत नको, तुमच्या खांद्यावरच्या पर्समध्ये हवं.

परतभेटीला तिकडून चॉकलेटं वाहून आणू नका. टॉवेलच्या गावात आहात, छोटे रंगीत नॅपकिन घाऊक दरात मिळतात. घडीत एक पेन्सिल आणि एक खाऊची पुडी घातली की झालं.

राहिला आहेर. पाहुण्यांसमोर काही उघडायचं नाही, हे लेकीला सांगा. तिच्या जर्मन मैत्रिणींकडे सगळे गोल करून बसतात आणि एकेक भेट उघडतात, ती तीच वाट बघत असेल. परतीच्या बॅगेला वजनाची मर्यादा असते, त्यामुळे मोठी खोकी नकोत हे सासूबाईंच्या तोंडून आधीच फिरलं तर बरं. तुम्ही म्हटलंत तर आगाऊपणा, त्यांनी म्हटलं तर काळजी. पाकिटं येतील, कपडे येतील. कुणी काय दिलं हे त्याच रात्री वहीत लिहा आणि ती वही सासूबाईंकडेच राहू द्या. तुम्ही ऑगस्टमध्ये निघून जाल, पण त्या सगळ्यांच्या घरच्या बारशा-वाढदिवसांना पाकीट घेऊन त्यांनाच जायचंय.