आडव्या पट्टीची टोकं आधी

कपाटाच्या दारांसाठी राउटर टेबलावर स्लेड, म्हणजे पट्टी आवळून सरकवायची पाटी, घेतलीस ते बरं केलंस. शटरच्या, म्हणजे दाराच्या, चौकटीची आडवी पट्टी अरुंद असते. नुसती हातानं फेन्सला (टेबलावरच्या उभ्या आधाराला) धरून टोक कापायला गेलं की ती फिरते आणि बोटं बिटाकडे, म्हणजे फिरत्या पात्याकडे, सरकतात. स्लेडवर क्लॅम्पनं आवळली की तो प्रश्नच मिटला.

आधी टोकांना सांध्याचा आकार काप, लांब कडेचा गोलवा नंतर. बिट बाहेर पडतो तिथले तंतू मागे आधार नसला की फाटतात. म्हणून पट्टीमागे भंगारातला सरळ तुकडा घट्ट लाव. तरीही कणभर चिप उडालीच, तर ती पुढच्या कापात निघून जाते. तो तुकडा झिजला की बदल की, त्यात कसली आलीय कंजुषी!

बिटाची उंची मोजताना स्लेडच्या तळाची जाडी विसरायची नाही. पट्टी तेवढी वर असते. बिटाची बेअरिंग (त्यावरची छोटी फिरती चकती) आणि फेन्स एका रेषेत हवी, सरळ फूटपट्टी लावून बघ. स्लेडचा काटकोन गुण्यानं (सुताराच्या काटकोनी मापानं) तपास. पट्टीची दर्शनी बाजू कायम खाली. ढकलायचं उजवीकडून डावीकडे.

40 मिमीच्या आसपासचा बिट पूर्ण वेगावर फिरवू नकोस, मिनिटाला 16,000 ते 18,000 फेरे पुरेत. बिटावर कमी मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळ.

आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, पावसात फुगतं. दाराचं मधलं भरीव लाकडी पॅनेल चौकटीच्या खाचेत मोकळंच ठेव, डिंक फक्त चौकटीच्या सांध्याला.