हिवाळ्यात पहाटे सायकल चालवण्याचा उत्साह कसा टिकवावा?

गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरता, म्हणून आपण स्वतःला आळशी आणि निश्चय नसलेला म्हटले आहे. हेच शब्द मी पूर्वी ऐकलेले असल्यामुळे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या मते इथे उत्साहाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. प्रश्न बोटांचा आहे.

माझे थोरले बंधू आणि मी काही वर्षे रोज पहाटे एकत्र सायकल चालवत असू. थंडी अंगात नसते, मनात असते, असे त्यांचे ठाम मत होते आणि हातमोजे घालणाऱ्याकडे ते ज्या नजरेने पाहत, त्या नजरेच्या धाकाने मी दोन हिवाळे उघड्या हातांनी काढले. दुसऱ्या हिवाळ्यात, उजाडण्यापूर्वी, एका लांब उतारावर पुढचे वळण दिसले म्हणून मी ब्रेक दाबायला गेलो आणि बोटे मिटलीच नाहीत. ती ब्रेकवर आहेत हे दिसत होते, जाणवत मात्र नव्हते. वेग कसाबसा कमी झाला, तरी वळण हुकले आणि मी सायकलसकट कडेच्या झुडपात गेलो. बंधू परत फिरून आले, आधी चाक वाकले आहे का ते त्यांनी पाहिले आणि मग विचारले, "लक्ष कुठे होते तुझे?" उरलेला हिवाळा मी घरी बसलो आणि सर्वांनी, मीसुद्धा, त्याला आळस म्हटले.

कारण पुढे कळले. थंडीत शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते. धावणाऱ्याचे हात निदान हलत असतात, सायकलस्वाराचे मात्र हँडलवर स्थिर आणि थेट वाऱ्यासमोर असतात. हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि वारा नसतानाही आपण ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असाल, तर उघड्या त्वचेला ती शून्याच्या आसपास भासते. उतारावर वेग वाढतो, पाय थांबतात आणि अंगात तयार होणारी उष्णताही घटते. थंडी मनात असेल, तर ती नेमकी उतारावरच का वाढते, हे बंधूंनी मला कधी सांगितले नाही.

म्हणून आधी वारा अडवणारे, पण ब्रेक नीट दाबता येईल इतपत पातळ हातमोजे घ्यावेत. आतून सुती कपडा घालू नये, कारण तो घाम धरून ठेवतो आणि ओल्या अंगाला वारा जास्त झोंबतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णताच होतो, त्यामुळे दारातच उबदार वाटत असेल, तर दहा मिनिटांत घामाने भिजायची तयारी ठेवावी. कपडे, दिवा आणि चाकांतील हवा हे सारे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे, कारण पहाटे पाच वाजता मोजा शोधणारा माणूस पुन्हा झोपतो. गजराचे एवढेच.

दम्याचा त्रास असलेल्यांनी मात्र माझे ऐकून निघू नये, थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात, डॉक्टरांना विचारावे. रस्त्यावर बर्फाचा थर असेल, तर घरी राहणे हा आळस नव्हे.

राहिला वेगाचा मुद्दा. हिवाळ्यात माझा सरासरी वेग घटतो, याला बंधू आजही ढिलाईचा पुरावा मानतात. ५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के दाट असते, आणि सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. त्यांना हे मी दोनदा सांगितले आहे. गेल्या वर्षीपासून ते हातमोजे घालू लागले आहेत. सांधे दुखतात म्हणून, असे सांगतात.